सतराव्या होलसमोरचं घर

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘रिक्षाचालकाचा मुलगा झाला उपजिल्हाधिकारी’ अशी बातमी ठरलेली, आणि तिच्यावरचा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, बघा, जिद्द असली की परिस्थिती आडवी येत नाही. दुसरी म्हणते, एका अपवादाच्या आरत्या ओवाळून हजारोंची कोंडी झाकू नका. खेळाच्या मैदानावरून दाखले आणायची वेळ आली की पहिल्या बाजूच्या भात्यातला एक जुना बाण म्हणजे फ्रान्सिस विमेट. १९१३ साली, विसाव्या वर्षी, दुकानात विक्रेत्याचं काम करणाऱ्या या पोराने अमेरिकेची खुली गोल्फ स्पर्धा जिंकली, तीही जगातल्या दोन सर्वांत मोठ्या खेळाडूंना समोरासमोर हरवून. ही गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, आणि दोन्ही बाजू ती चुकीची वाचतात. विमेटकडे जिद्द होती याबद्दल वाद नाही. पण त्याच्या यशातून शिकायचं असेल तर तो किती चिवट होता यापेक्षा तो आत कुठल्या दाराने आला हे आधी पाहायला हवं. दार दाखवलं नाही तर जिद्दीची व्याख्यानं निरुपयोगी ठरतात, आणि दार न बघताच ‘अपवाद’ म्हणून गोष्ट फेटाळली तर हातातला पुरावाच फेकून दिल्यासारखं होतं.

गोष्ट नेहमी अशी सांगतात. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला ‘द कंट्री क्लब’च्या मैदानावर स्पर्धा होती. इंग्लंडहून हॅरी वॉर्डन आला होता, तोवर पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला. सोबत टेड रे, आदल्याच वर्षीचा ब्रिटिश विजेता. या दोघांना खेळता यावं म्हणून स्पर्धेची तारीखच जूनमधून सप्टेंबरवर ढकलली होती. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत तो ठरलेल्या खड्ड्यात, म्हणजे होलमध्ये, घालायचा (तिथवरच्या टप्प्यालाही होलच म्हणतात), आणि ज्याचे एकूण फटके कमी तो जिंकतो. ७२ होल संपले तेव्हा वॉर्डन ३०४, रे ३०४ आणि विमेटही ३०४. दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, पावसाने भिजलेल्या मैदानावर बरोबरी फोडण्यासाठी १८ होलांचा प्ले-ऑफ झाला. विमेट ७२, वॉर्डन ७७, रे ७८. विमेटची पिशवी उचलायला होता एडी लोअरी, वय वर्षं १०. इथे टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. राहून जातं ते विमेटचं घर. ते क्लाइड स्ट्रीटवर होतं, याच मैदानाच्या सतराव्या होलच्या समोर, रस्ता ओलांडला की पलीकडे. बाप फ्रेंच-कॅनडियन स्थलांतरित, बागकाम करणारा; आई आयरिश.

फ्रान्सिस लहानपणीच या क्लबात कॅडी झाला, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या उचलून त्यांच्यासोबत चालू लागला. या कामाला हमाली समजणं ही पहिली चूक. कॅडीला चेंडू हवेत असतानाच तो कुठे पडणार हे ओळखावं लागतं, नाहीतर तो गवतात हरवतो आणि बोलणी बसतात. कुठल्या झाडापासून ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंत, किती पावलं, वारा समोरून असला की काठी किती बदलायची, रात्री पाऊस झाला असेल तर चेंडू पडल्यावर घरंगळत नाही, जागीच रुततो, हे त्याच्या अंगवळणी पडतं. ग्रीनवर आपली सावली पटच्या, म्हणजे होलकडे ढकलायच्या हलक्या फटक्याच्या, रेषेत पडू नये अशा बेताने उभं राहताना उतार कुठल्या बाजूला आहे हे डोळ्यांनी मोजायची सवय लागते. मुख्य म्हणजे एकाच होलवर शंभर वेगवेगळी माणसं शंभर तऱ्हांनी चुकताना दिसतात. त्या काळी काठ्यांचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत, ते फटक्यात किंचित पिळले जात, आणि तो पीळ कुणाला साधतो, कुणाला नाही, हे पाहून पाहून कळे. हे शिक्षण फी भरून मिळत नव्हतं. क्लब उलट त्या पोराला पैसे देत होता.

पण पाहणं वेगळं आणि खेळणं वेगळं. कॅडीला मैदानावर खेळायची मुभा नव्हती. फ्रान्सिस आणि त्याचा मोठा भाऊ विल्फ्रेड यांनी घरामागच्या कुरणात डबे पुरून तीन होल तयार केले. पहाटे चोरून क्लबच्या मैदानावर उतरायचं आणि राखणदार दिसला की पळायचं, हेही केलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा तो फ्रँकलिन पार्कला जाऊ लागला. बॉस्टन शहराचं हे सार्वजनिक मैदान, नऊ होलांचं, कुणालाही खुलं. घरून दीडेक मैल चालायचं, मग ट्राम, ती पुन्हा पुन्हा बदलायची, उतरून परत चालायचं, आणि तिथे पोचल्यावर नऊ होलांच्या सहा फेऱ्या. एका दिवसात ५४ होल. जिद्द म्हणून हे उदाहरण सांगायचं असेल तर जरूर सांगावं. पण मग ट्रामच्या त्या टोकाला कोणी तरी सार्वजनिक पैशातून मैदान राखलं होतं, हे गाळायचं कसं? बॉस्टनमध्ये गोल्फ पहिल्यांदा खेळून दाखवला गेला तो याच पार्कात, १८९० साली, आणि तो खेळून दाखवणारा होता बेसबॉलचा नामवंत खेळाडू जॉर्ज राइट. हाच राइट पुढे ‘राइट अँड डिट्सन’ या खेळसामानाच्या दुकानाचा मालक, आणि त्याच दुकानात विमेट नोकरीला. स्पर्धेसाठी रजा मिळाली ती असा मालक होता म्हणून. स्पर्धेत नाव घालायचा आग्रहही बाहेरूनच आला. अमेरिकन गोल्फ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट वॉटसन यांनी राष्ट्रीय हौशी, म्हणजे खेळातून पैसे न कमावणाऱ्यांच्या, स्पर्धेतला त्याचा खेळ पाहिला होता.

त्या हौशी स्पर्धेत उतरण्याचा उंबरठाही पैशाचा होता. मान्यताप्राप्त क्लबचं सभासदत्व लागे. वुडलँड क्लबच्या कनिष्ठ सभासदत्वाचे २५ डॉलर विमेटने आईकडून उसने घेतले आणि आठवड्याला ४ डॉलर पगाराची नोकरी धरून फेडले. त्यानंतरही सलग तीन वर्षं पात्रता फेरीत तो एका फटक्याने हुकला. त्या तीन वर्षांत आईला ते पैसे देणं जमलं नसतं तर? जिद्द तेवढीच राहिली असती. आपल्याला मात्र तिचा पत्ता लागला नसता.

आता समोरच्या दोघांकडे वळू. गोष्टीत त्यांना ‘दिग्गज’ म्हणून उभं करतात, जणू ते राजवाड्यातून आले होते. वॉर्डन हा जर्सी बेटावरच्या माळ्याचा मुलगा. ग्रूव्हिल गावच्या सामाईक माळरानावर १८७८ मध्ये गोल्फचं मैदान आखलं गेलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. गावातली पोरं कॅडी झाली आणि घरी बनवलेल्या काठ्यांनी गोट्या मारत खेळ शिकली. त्या एवढ्याशा बेटातून वॉर्डन निघाला, त्याचा भाऊ टॉम निघाला, टेड रे निघाला, गॉदँ बंधू निघाले, सगळे व्यावसायिक गोल्फर. जर्सीच्या मातीत जिद्द जास्त पिकते असं कुणी म्हणेल का? १८७८ च्या आधी त्या बेटाने एकही मोठा गोल्फर दिला नाही, कारण खेळायला जागा नव्हती. जागा आली, पोरांना तिथे काम मिळालं, आणि एका पिढीत जगज्जेते उभे राहिले. ब्रुकलाइनच्या प्ले-ऑफमध्ये एका माळ्याच्या मुलाने दुसऱ्या माळ्याच्या मुलाला हरवलं, हा त्या दिवसाचा सर्वांत बोलका तपशील आहे, आणि नेमका तोच व्याख्यानांत येत नाही.

जिद्दवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला मान्य आहे. ते विचारतील, क्लाइड स्ट्रीटवर आणखी घरं होती, क्लबात कॅडी पोरं डझनांनी होती, मग एकच का जिंकला? बरोबर आहे. शेवटच्या फेरीत विमेटने पहिल्या नऊ होलांना ४३ फटके घेतले, दहाव्या, छोट्या होलवर ५. बरोबरी साधायची तर शेवटचे ६ होल २२ फटक्यांत, पारपेक्षा, म्हणजे अपेक्षित फटक्यांपेक्षा, दोनने कमी, हे गणित त्याच्यापुढे होतं. तेराव्यावर ग्रीनबाहेरून मारलेला चेंडू थेट आत गेला. सतराव्यावर लांबचा पट पडला, बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. बरोबर २२. दुसऱ्या दिवशी नऊ होलांनंतर तिघेही ३८ वर. दहाव्यावर विमेट ३, बाकीचे दोघे ४, आणि तिथून त्याने आघाडी सोडली नाही. अठरा होलांत एकाही होलवर त्याने पाचापेक्षा जास्त फटके घेतले नाहीत. रे पंधराव्यावर ६ घेऊन बाहेर फेकला गेला. एवढ्या दडपणाखाली मन असं थाऱ्यावर ठेवणं हे त्या माणसाचं स्वतःचं. ते ना क्लबने दिलं, ना ट्रामने.

पण सतरावा होल पुन्हा पाहा, कारण सामना तिथे फिरला. विमेट एका फटक्याने पुढे होता. हा होल डावीकडे वळतो आणि कोपऱ्यावर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. मागे पडलेल्या वॉर्डनने कोपरा कापून जवळचा रस्ता धरला, चेंडू वाळूत गेला, त्याचे ५ झाले. विमेटने सरळ, सुरक्षित बाजूला मारलं, दुसरा फटका ग्रीनवर, एक पट, ३. एकाची आघाडी तिनाची झाली. हा धीर म्हणायचा की ओळख? मला वाटतं दोन्ही, आणि ती वेगळी काढता येत नाहीत. त्या कोपऱ्यावर किती जणांचे चेंडू वाळूत गेले हे विमेट पोरवयापासून बघत आला होता. तो होल त्याच्या घरासमोरचा होता. ज्याला आपण ऐनवेळचं धैर्य म्हणतो, त्याचा बराचसा भाग हा आधी हजार वेळा पाहून झालेल्या गोष्टीची सवय असतो, आणि ती सवय लागायला तिथे उभं राहू दिलं जावं लागतं.

शंका असेल त्याने अमेरिकेतच पुढे काय झालं ते पाहावं. विमेटच्या नंतरच्या वर्षी खुली स्पर्धा जिंकली वॉल्टर हेगनने, तो कॅडी. १९२२ मध्ये जीन साराझेनने, तोही कॅडी. टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये ग्लेन गार्डन क्लबच्या १९२७ च्या कॅडी स्पर्धेत बायरन नेल्सन आणि बेन होगन ही दोन पोरं एकमेकांविरुद्ध खेळली. नेल्सन जिंकला, क्लबने त्याला कनिष्ठ सभासदत्व दिलं. होगनला दिलं नाही, तो शहरातल्या सार्वजनिक मैदानांकडे वळला. दोघेही पुढे खेळाच्या इतिहासातले अव्वल ठरले. मग १९५० च्या दशकात मैदानावर खेळाडूंना फिरवणाऱ्या विजेवरच्या गाड्या आल्या. एका गाडीत दोन खेळाडू आणि दोन पिशव्या मावतात, गाडीचं भाडं क्लबच्या तिजोरीत जातं, पोरं सांभाळावी लागत नाहीत. पिशव्या उचलणाऱ्या मुलांची गरज संपत गेली, आणि अमेरिकेचे अव्वल खेळाडू मुख्यतः विद्यापीठांच्या संघांतून येऊ लागले, जिथवर पोचायला लहानपणापासून शिकवणी आणि स्पर्धांचा खर्च परवडावा लागतो. गरीब घरांतल्या पोरांची जिद्द त्या दशकात आटली असं समजायचं का?

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. विमेट गोरा होता. १८९६ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय कॅडी आणि शिनेकॉक या मूळ अमेरिकन जमातीचा ऑस्कर बन उतरले, तेव्हा इतर व्यावसायिकांनी बहिष्काराची धमकी दिली होती. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवेमायर मागे हटले नाहीत म्हणून ते खेळले. पुढे व्यावसायिकांच्या संघटनेने सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी असल्याचं कलमच घातलं, ते १९६१ पर्यंत टिकलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनचा पापवा सेवगोलम, भारतीय वंशाचा कॅडी, काठी उलट्या हातांनी धरणारा, १९५९, १९६० आणि १९६४ मध्ये डच ओपन जिंकला. १९६३ ची नाताल ओपन त्याने डर्बनमध्ये, घरच्या शहरात जिंकली, तेव्हा क्लबहाऊसमध्ये पाऊल ठेवायला बंदी असल्याने त्याला करंडक बाहेर पावसात दिला गेला. १९६५ मध्ये त्याने त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअरला मागे टाकलं. नंतर सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धांचे दरवाजे त्याला बंद केले, आणि त्याची कारकीर्द तिथे संपली. कौशल्य सिद्ध झालेलं, जिद्द सिद्ध झालेली, आणि सही एका अधिकाऱ्याची.

तरीही ‘अपवाद दाखवू नका’ हा निष्कर्ष मला पटत नाही. अपवाद हीच तर तपासायची जागा आहे. हजार बंद दारांकडे बघून ती बंद आहेत एवढंच कळतं. एक उघडं राहिलेलं सापडलं तर बिजागरी कशी होती, किल्ली कुणाकडे होती, हे विचारता येतं. पुण्याच्या पळवणकर बाळूचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूना क्लबवर महिना ४ रुपयांवर हा चर्मकार समाजातला तरुण खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायचा. जे. जी. ग्रेगसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायचं कामही त्याच्याकडेच आलं. त्यातून देशातला त्या काळचा सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने ११४ बळी घेतले. पण जाळ्यात त्याच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही, आणि तो फलंदाज झाला नाही. दार जेवढं किलकिलं झालं, तेवढंच कौशल्य बाहेर आलं. बाळूच्या अंगात फलंदाजी किती होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि खेळात तो कितीही वर चढला तरी पुण्यात त्याला चहा मिळायचा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. विमेट सांगणाऱ्यांनी बाळूही सांगावा, त्याला ‘अपवाद’ म्हणणाऱ्यांनीही सांगावा.

खाशाबा जाधवांची गोष्ट तर आपल्याकडे प्रत्येक शाळेत सांगतात. गोळेश्वरचा पैलवान, १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यात राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभे केलेले ७००० रुपये क्वचित येतात, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी केलेला खर्च त्याहून क्वचित. लंडनला खाशाबा सहावे आले. मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती, ती तिथे कळली. लंडन नसतं तर हेलसिंकी कसं झालं असतं? यात खाशाबांचं काही कमी होत नाही. फक्त खर्डेकर दिसू लागतात, आणि घर गहाण टाकायची पाळी एका प्राचार्यांवर का यावी हा प्रश्नही दिसू लागतो.

राहिला तिसरा युक्तिवाद, आपल्याकडे फार लाडका: हालअपेष्टांनीच माणूस घडतो, सोय केली की पोरं मऊ पडतात. हाल आणि सराव यांची इथे गल्लत होते. विमेट घडला तो ५४ होल खेळून. ट्रामच्या बदल्यांनी तो फक्त दमला. आणि जिंकल्यानंतरही त्याच्या वाट्याला हाल आलेच. १९१६ मध्ये त्याने खेळसामानाचं दुकान काढलं म्हणून संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. वडिलोपार्जित पैशावर जगणाऱ्या हौशी खेळाडूला असली अडचण येण्याचं कारणच नव्हतं. १९१४ ची राष्ट्रीय हौशी स्पर्धा त्याने जिंकली होती, दर्जा १९१८ मध्ये परत मिळाला, त्या स्पर्धेचं पुढचं विजेतेपद उजाडलं १९३१ मध्ये. मधल्या काळातल्या त्या अडवणुकीने त्याचा खेळ सुधारला असं म्हणायला काय आधार आहे?

भारतात गोल्फची बहुतेक मैदानं क्लबांची नाहीतर लष्कराची. तरी अली शेर दिल्लीत कॅडी होता आणि १९९१ व १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकला. चिन्नस्वामी मुनियप्पा बंगळुरूचा कॅडी, त्याने ती २००९ मध्ये जिंकली. शिवशंकर प्रसाद चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळ राखायचे. तो २००८ मध्ये युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स जिंकला, पुढे २०१६ आणि २०१७ ची इंडियन ओपनही. अनेक क्लबांत आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, मैदान देखभालीसाठी बंद असतं आणि तेव्हा कॅडींना खेळू देतात. सभासद नसलेल्यांसाठी जवळपास एवढीच फट आहे. दुष्काळी महाराष्ट्रात आणखी अठरा होलांची मैदानं आखा असं मी म्हणणार नाही. एका मैदानाला पन्नासेक हेक्टर जमीन लागते आणि पाणी उन्हाळाभर. पण आहेत त्या मैदानांवर सोमवारचे दोन वार करायला, कॅडींच्या मुलांना सरावपट्टी आणि चेंडूंची टोपली द्यायला एक थेंब पाणी जास्त लागत नाही. तसंच निकालाच्या बातमीचं. तो मुलगा ज्या नगरपालिकेच्या अभ्यासिकेत बसला ती रात्री किती वाजता बंद होते, खुर्च्या किती, गावातल्या मुलींना तिथून घरी परतता येतं का, हे बातमीदाराने विचारावं. जिद्दीबद्दल विचारलं तर मुलगा बिचारा तेच उत्तर देणार, जे सगळे देतात.

विमेटच्या मित्रांना त्याचा सन्मान करायचा होता, तेव्हा १९४९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या नावाने निधी उभा केला. गोल्फच्या मैदानांवर राबलेल्या, घरची ऐपत नसलेल्या मुलांना तो कॉलेजची फी देतो. तो अजून चालू आहे. फ्रँकलिन पार्कचं मैदानही अजून शहराच्याच मालकीचं आहे, आणि कुणालाही खुलं.